जीर्णोद्धाराची नीती

जुन्या वस्तूंविषयी मनुष्याच्या मनात दोन वृत्ती एकाच वेळी वास करीत असतात. एक म्हणते, हे होते तसेच राहू दे. दुसरी म्हणते, हे पुन्हा उपयोगी पडू दे. बहुतेक वस्तूंच्या बाबतीत या दोन वृत्तींचा कलह होत नाही. आजीचा शालू पेटीत घालून ठेवला की पहिलीचे समाधान होते, आणि तिचे पितळी पातेले कल्हई करून चुलीवर चढविले की दुसरीचे. यंत्राची गोष्ट मात्र निराळी. यंत्र चालण्यासाठीच जन्मास आलेले असते. न चालणारे यंत्र हे यंत्राचे केवळ कलेवर होय. आणि फार दिवस पडून राहिलेले यंत्र चालवावयाचे म्हटले की त्यातील काही ना काही बदलावेच लागते. जतन करावे तर ते चालत नाही, आणि चालवावे तर ते जसेच्या तसे राहत नाही. हा पेच वरवर पाहता कारागिराचा आहे. परंतु कोणत्या बदलास सुधारणा म्हणावे, कोणत्या बदलास विश्वासघात म्हणावे, आणि विश्वासघात म्हणावयाचा तर तो कोणाचा, असे विचारू लागताच तो नीतिशास्त्राच्या प्रांतात येतो.

विचार हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकास, गुजरातच्या सीमेजवळ, डहाणू व तलासरी हे दोन तालुके आहेत. डहाणूच्या किनाऱ्यावर, विशेषतः घोलवड-बोर्डीच्या बाजूस, चिकूच्या वाड्यांची रांगच लागते; या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पारशी व इराणी कुटुंबांनी येथे पिढ्यानुपिढ्या बागाईत केली, मुंबईशी व्यवहार ठेवला आणि मुंबईची हौसही थोडीफार गावी आणली. समजा, अशा एखाद्या वाडीतील कौलारू गोदामात, चिकूच्या रिकाम्या खोक्यांच्या आड, १९४८ सालची एक एम. जी. मोटार चाळीस वर्षे उभी आहे. आजोबा निवर्तले, नातवाला ती पुन्हा रस्त्यावर आणावयाची आहे.

एम. जी. हे नाव ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या पेढीच्या आद्याक्षरांवरून पडले. तिची टी. सी. नावाची जात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ पासून १९४९ पर्यंत तयार झाली. एकंदर सुमारे दहा हजार मोटारी बाहेर पडल्या. महायुद्धाने खंक झालेल्या इंग्लंडला परकीय चलनाची निकड होती, म्हणून त्यांतील पुष्कळशा परदेशी गेल्या. दोनच माणसांची जागा, कापडी टप, पुढे आडवी पाडता येणारी काच, तारांच्या आऱ्यांची उंच चाके आणि साडेबाराशे घनसेंटिमीटरांचे लहानसे इंजिन, असा तिचा संसार. बॉडीचा पत्रा ॲश नावाच्या विलायती झाडाच्या लाकडी चौकटीवर ठोकलेला. ताशी सुमारे १२० किलोमीटर ही तिची धाव आजच्या मानाने सामान्यच. परंतु जमिनीलगत बसून, तोंडावर वारा घेत, रस्त्याचा प्रत्येक उंचवटा हातांना जाणवत धावण्याचा जो आनंद तिने दिला, त्यासाठी माणसे आजही तिचे नाव काढतात.

चाळीस वर्षांच्या निद्रेत अशा मोटारीचे काय होते, हे ऐकण्यासारखे आहे. समुद्रावरचा खारा वारा पत्र्याच्या आतून काम करतो. बाहेरचा रंग शाबूत दिसतो आणि अंगठ्याने दाबताच पत्रा आत जातो. टाकीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे लाखेसारखा थर राहतो. तोच कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवितो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते व त्या ओलाव्याने ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. रबर तडकते, वायरींवरील कापड उंदीर कुरतडतात, लाकडास वाळवी लागते, आणि पिस्टन सिलिंडरास धरून बसतात. म्हणून जाणता मिस्त्री अशी मोटार पाहताच स्टार्टरला हात लावीत नाही. तो प्लग काढतो, त्या भोकांतून पातळ तेल सोडतो, काही दिवस जाऊ देतो, आणि मग पुढून हँडल घालून इंजिन हाताने तसूतसूने फिरवून पाहतो. घाईने दिलेला एकच झटका चाळीस वर्षांच्या गंजाहून अधिक नुकसान करू शकतो, हे त्याला ठाऊक असते.

हा संयमाचा काळ संपला की निर्णयांचा काळ सुरू होतो. ॲशचे लाकूड येथे मिळत नाही. साग मिळतो, आणि सागावर येथील सुताराचा हात बसलेला आहे. मग चौकट सागाची करावी काय? जुना डायनामो मंद गतीत पुरेशी वीज देत नाही. त्याजागी ऑल्टरनेटर बसवावा काय? पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आपल्या देशाने २०२५ साली गाठले, आणि इथेनॉल जुन्या रबरास खाते. तेव्हा नळ्या तरी नव्या जातीच्या रबराच्या घालणे प्राप्तच आहे. दिवे मिणमिणते आहेत. जुन्या विलायती मोटारींना विजेचे सामान पुरविणाऱ्या जोसेफ लुकस यांना खुद्द इंग्रज मोटारवाल्यांनीच थट्टेने ‘अंधाराचा राजा’ म्हटले आहे. एकेक बदल सुटा पाहिला तर त्यात वावगे काहीच दिसत नाही. परंतु सगळे बदल झाल्यावर गोदामातून जी बाहेर पडेल, ती आजोबांचीच मोटार म्हणावयाची काय?

हा प्रश्न आपल्याकडे फार प्राचीन आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद भदंत नागसेनाकडे रथात बसून येतो. नागसेन त्याला विचारतो, की हा रथ म्हणजे आस काय? चाके काय? जू काय? राजा प्रत्येकास नाही म्हणतो. मग रथ कोठे आहे? शेवटी राजालाच कबूल करावे लागते, की या सर्व भागांच्या आश्रयाने व्यवहारासाठी वापरलेले ‘रथ’ हे एक नाव आहे. तत्त्वज्ञाला हे उत्तर पुरेसे आहे, कारण त्याला मनुष्याचा अहंकार मोडावयाचा होता. परंतु ज्याला ती मोटार विकत घ्यावयाची आहे, अथवा जिला ती आपल्या वडिलांची आठवण म्हणून हवी आहे, तिला किंवा त्याला ‘हे केवळ नाव आहे’ असे सांगून भागत नाही. त्यांना ते नाव खरे आहे की खोटे, हे कळावयास हवे असते.

तोच प्रश्न १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आला. बेंटली कारखान्याच्या एका मोटारीने फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली होती. तिला ‘ओल्ड नंबर वन’ असे नाव पडले. शर्यतीची मोटार, तेव्हा शर्यतीगणिक तिचे भाग बदलत गेले. सांगाड्यापासून इंजिनापर्यंत फेरफार झाले. साडेसहा लिटरांच्या जागी आठ लिटरांचे इंजिन आले. १९३२ साली ब्रुकलँड्स येथील शर्यतीत अपघात होऊन तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला, आणि त्यानंतर तिच्यावर निराळीच बॉडी चढली. पुढे एक कोटी पौंडांस तिचा सौदा ठरला. मग खरेदीदार म्हणू लागला, की ही ती मोटारच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी निर्णय दिला तो विक्रेत्याच्या बाजूने. १९२९ सालचा धातू तिच्यात जवळजवळ उरला नव्हता, हे त्यांनी मान्य केले. परंतु जुनी मोटार संपली आणि दुसरीच एक उत्पन्न झाली असा क्षण तिच्या चरित्रात कधीही आला नाही, आणि त्या नावावर हक्क सांगणारी अन्य मोटारही जगात नव्हती. म्हणून अखंड चरित्राच्या बळावर हीच ‘ओल्ड नंबर वन’ होय, असे त्यांनी ठरविले.

हा निर्णय शहाणपणाचा आहे यात संशय नाही. वस्तूचे तेपण धातूत नसून तिच्या अखंड चरित्रात आहे, हे सूत्र त्याने दिले. पण आपल्या उदाहरणातील मोटारीचे चरित्र तर चाळीस वर्षे थांबलेले आहे. बेंटलीचे भाग धावता धावता बदलले. हिचे भाग बदलणार आहेत ते एका दीर्घ निद्रेनंतर. मध्यंतरी तिचे चरित्र कोणी सांभाळले?

आपल्या धर्मशास्त्रात देवालयाचा जीर्णोद्धार करताना एक अर्थपूर्ण विधी सांगितलेला आहे. मूर्तीतील देवत्व मंत्रपूर्वक कलशात उतरवून घेतात. काम चालू असेतोवर पूजा त्या कलशाची होते, आणि काम पुरे झाल्यावर ते देवत्व पुन्हा मूर्तीत प्रतिष्ठित करतात. श्रद्धेचा भाग बाजूस ठेवला तरी विचार म्हणून यात मोठे मर्म आहे. दगड बदलण्यास हरकत नाही, परंतु दगड बदलण्यापूर्वी त्यातील जे न बदलणारे, ते कोठे तरी सुखरूप काढून ठेवले पाहिजे. मोटारीच्या बाबतीत या कलशात काढून काय ठेवावयाचे?

याचे उत्तर मला त्या चिकूच्या वाड्यांवरून दिसणाऱ्या डोंगरातच सापडते. बोर्डीपासून जवळ बहरोटची लेणी आहेत. १५९९ सालच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’ या फारसी काव्यात सांगितले आहे, की संजाणवर मुसलमानी सैन्य चालून आले तेव्हा पारशी धर्मगुरूंनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, या डोंगरात आणला आणि बारा वर्षे तेथे राखला. पुढे तो वांसद्यास, नवसारीस आणि अन्यत्र जाऊन १७४२ साली उदवाड्यास स्थिर झाला. आज तो तेथेच आहे. आता पहा, अग्नीइतकी बदलणारी वस्तू दुसरी कोणती? त्याचे इंधन प्रहराप्रहराला राख होते. संजाणचे लाकूड बहरोटला नव्हते, बहरोटचे उदवाड्यास नाही. तरीही तो अग्नी तोच, असे म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. कारण त्याचे तेपण राखणाऱ्यांनी राखले. एकाच्या पाळीनंतर दुसऱ्याची पाळी आली, आणि आपण काय राखीत आहोत याविषयी कोणी कोणाला फसविले नाही. कलशात ठेवावयाचे ते हेच: वस्तूचा खरा वृत्तान्त, आणि तिची निगा करण्याची विद्या. हे दोन टिकले तर बाकी सर्व बदलले तरी जीर्णोद्धार होतो. हे गेले तर एकही खिळा न बदलता वस्तू नष्ट होते.

ही कसोटी हातात घेऊन पुन्हा गोदामाकडे वळू, कारण तेथे एक अवघड प्रसंग वाट पाहत आहे. समजा, मोटारीचे बॉनेट उघडल्यावर असे दिसले, की आतील इंजिन एम. जी.चे नसून ॲम्बॅसडरचे आहे. यात आश्चर्य काहीच नाही. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले, सुटे भाग दुर्मिळ झाले, आणि विलायती मोटारींचे प्राण आपल्या मिस्त्र्यांनी देशी भागांवर जगविले. शिवाय हे नातेही अगदीच परके नव्हे. ॲम्बॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्याच नमुन्यावर बांधलेली, म्हणजे एम. जी.ची चुलत बहीणच. आता नातवाने काय करावे? हे इंजिन काढून टाकून इंग्लंडहून अस्सल इंजिन मागवावे, म्हणजे मोटार १९४८ साली होती तशी होईल. परंतु १९४८ हा तिच्या आयुष्यातील केवळ एक क्षण आहे. कारखान्यातून बाहेर पडण्याच्या त्या क्षणालाच तेवढा खरेपणाचा मान का द्यावा? ज्या अनामिक मिस्त्रीने हातात मासिक नाही, नकाशा नाही, अशा स्थितीत नवी खोबण पाडून हे इंजिन तिच्यात बसविले आणि आजोबांना पुढे वीस वर्षे फिरविले, त्याचे काम हा डाग, आणि ॲबिंग्डनच्या कामगाराचे काम तेवढे अस्सल, हा भेदभाव मला पटत नाही. ती मोटार जन्माने इंग्रज असली तरी आयुष्य तिने येथे काढले आहे.

येथे कायदा आडवा येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली जी भर पडली तिच्या अन्वये, पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. अशा मोटारीस निराळा क्रमांक मिळतो. ती प्रदर्शनास, मेळाव्यास अथवा दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वाहतुकीस नाही. नियमाचा हेतू चांगला आहे. पण नियम असा झाला की मोहही त्याबरोबर येतो. इंजिनावरील आकडे घासून नवे ठोकावेत, जुन्या मोटारीची पट्टी दुसऱ्या सांगाड्यावर बसवावी, आणि ‘मूळ रूप’ कागदावर सिद्ध करावे, असे सुचविणारे लोक कोठेही भेटतात. माझ्या मते संपूर्ण जीर्णोद्धारात पाप म्हणावे असे हे एकच कृत्य आहे. इंजिन बदलल्याने वृत्तान्तात एक प्रकरण वाढते. आकडा खोटा ठोकल्याने सगळा वृत्तान्तच खोटा होतो, आणि पुढे ज्याच्या ज्याच्या हाती ती मोटार जाईल त्या प्रत्येकाची फसवणूक आजच करून ठेविली जाते. खरे सांगितल्याने मानाचा क्रमांक मिळणार नसेल तर तो न मिळालेला बरा. सामान्य जुन्या मोटारीचे नियम पाळून ती चालवावी. ऐतिहासिक मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली मान्य केलेल्या ट्यूरिन सनदेचा भरही बदल नोंदून ठेवण्यावर आहे.

सत्याइतकाच बलवान असा दुसरा हक्क आहे तो रस्त्यावरील परक्या माणसाचा. घोलवडहून तलासरीस गेले की मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो. रात्रंदिवस मालमोटारींची रीघ, आणि त्याच रस्त्याच्या कडेने डोक्यावर मोळी घेऊन चाललेल्या वारली बाया, शाळेची मुले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच महामार्गावर चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. आणि ती मोटार आजच्या काळातील, सर्व संरक्षक साधनांनी युक्त अशी होती. मग जिला पट्टे नाहीत, जिचे चारही ब्रेक जुन्या ड्रमचे आहेत, ती मोटार ‘जशी होती तशी’ या हट्टाने तेथे नेणे म्हणजे आपल्या स्मृतिप्रेमाची किंमत दुसऱ्याच्या जिवाने चुकविण्याची तयारी ठेवणे होय. ब्रेक, दिवे, चाके, सुकाणू आणि पट्टे यांच्या बाबतीत अस्सलपणाचा प्रश्नच उपस्थित होऊ नये. मोळीवालीला मोटारीच्या इतिहासाशी कर्तव्य नाही. ती वेळेवर थांबते की नाही एवढ्याशीच आहे. ज्यास हे बदल सोसवत नसतील त्याने मोटार वाडीच्या आवारात फिरवावी. तेही एक सचोटीचे उत्तर आहे.

उरतात ते केवळ आपल्या सोयीचे अथवा मिरवण्याचे बदल. दुप्पट शक्तीचे जपानी इंजिन, थंड हवेचे यंत्र, आपोआप बदलणारे गिअर. यांत कोणाची फसवणूक नाही आणि कोणाच्या जिवास अपायही नाही. तेव्हा यांस पाप म्हणता येणार नाही. पण यांत एक प्रकारचा अविवेक मात्र आहे. जिच्यात वारा, आवाज आणि हातांचे श्रम यांखेरीज देण्यासारखे काही नव्हते, तिच्यातून तेवढेच काढून घ्यावयाचे, तर तिला उठविले तरी कशासाठी? वृद्ध गवयाला आग्रहाने मैफलीस बोलवावे आणि गाऊ मात्र न द्यावे, असा हा प्रकार आहे. सागाची चौकट, नव्या रबराच्या नळ्या, ऑल्टरनेटर हे बदल तिला तिचे गाणे गाऊ देतात. म्हणून ते तिच्या बाजूचे.

आता कलशातील दुसरी वस्तू, विद्या. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्नाच्या वेळी सवाष्णी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात. दुसऱ्या लग्नाच्या वेळी भिंत पुन्हा सारवली जाते, आणि चौक पुन्हा नव्याने काढला जातो. डहाणूजवळच्या गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रकला कागदावर व कापडावर आणून जगभर नेली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु पाड्यावरच्या बाईने पूर्वीचा चौक पुसला गेला म्हणून कधी शोक केला नाही. हाताला चौक येतो, तोवर चौक आहे. यंत्राच्या भक्तांनी हे शिकण्यासारखे आहे. दोन कार्ब्युरेटरांचा श्वास नळी कानाला लावून सारखा करणारा, पत्रा हातोडीने वळवून बाक आणणारा, दांड्यावर हात ठेवून इंजिनाची तक्रार ओळखणारा मिस्त्री आज दुर्मिळ होत चालला आहे. त्याच्याजवळ शिकणारे पोरगे नसेल, तर मोटारी संग्रहालयांत कितीही चकचकीत उभ्या राहिल्या तरी त्या मुक्याच राहणार. म्हणून जो गृहस्थ जुनी मोटार दुरुस्तीस देतो त्याने कामाची घाई करू नये, मजुरीत घासाघीस करू नये, आणि मिस्त्रीच्या हाताखाली एखादा शिकाऊ मुलगा असेल तर त्याच्या चुकांचा थोडा खर्च आनंदाने सोसावा. या व्यवहारात खरी जीर्णोद्धार पावणारी वस्तू ती विद्या आहे. मोटार हे तिचे निमित्त.

एवढ्या खर्चात दुसरे काही सत्कार्य झाले नसते काय, असे कोणी विचारील. अवश्य झाले असते. आणि ज्याच्या दारी अन्नाची मागणी उभी आहे त्याने ती आधी पुरवावी, यात दुमत नाही. परंतु वापरून टाकून देण्याचा जो धर्म आपल्या काळाने पत्करला आहे, त्याच्याविरुद्ध दुरुस्तीचे प्रत्येक काम ही लहानशी साक्ष असते. मनुष्याने केलेली वस्तू मनुष्याला पुन्हा समजू शकते, पुन्हा उलगडता व जोडता येते, आणि ती जोडताना खरे बोलता येते, असे ते काम सांगते. नातवाने एक वही करावी. मोटार कधी आली, कोणी चालविली, कोणते इंजिन केव्हा व का बसले, साग कोठला, सुतार कोण, ब्रेक कोणते घातले, हे सर्व तीत लिहून ठेवावे आणि ती वही मोटारीतच राहू द्यावी. पुढे कधी तरी ती मोटार पुन्हा गोदामात जाईल, कारण सगळ्याच मोटारी जातात. त्यानंतर तिला जो कोणी उठवील त्याच्या हाती ती वही पडली, तर त्याला एक गंजलेले यंत्र सापडले असे होणार नाही. राखण्याची त्याची पाळी आली, असे होईल.